अर्धा नमस्कार

ऑक्टोबर, मंगळवार संध्याकाळ

आज क्रुसापाशी मी एकटीच. बाया बोंबील वाळत घालायला गेल्या, पोरी मोबाईलात. रोझरीची माळ एकटीने कशी म्हनायची? मरियेचा अर्धा नमस्कार मी म्हनायचा, अर्धा समोरच्यांनी. समोर कोनीच नाही.

खरं लिहिते. मलाही आता काही वाटत नाही. पुढे उभी राहून माळ म्हनायला लागले त्या पहिल्या वर्षी अंगावर काटा यायचा, आता नुसते ओठ हलतात. देवा, तूच बोलावलंस ना मला? मग गप्प का? उद्या फादरला सांगायचं, दुसरी बघा. हे ठरवूनच माझा अर्धा म्हटला आनि थांबले.

तर पलीकडच्या खिडकीतून उरलेला अर्धा आला. फिलूमावशी, कधीची खाटेला खिळलेली. माळ संपेपर्यंत उत्तर देत राहिली. मग ओरडली, "जेवली नाहीस काय गं? उद्या मोठ्याने म्हन. रोज कान लावून दमते मी."

रोज? म्हनजे म्हातारी रोज म्हनत होती, बायांच्या आवाजात आम्हाला कळलंच नाही.

आता फादरला काय सांगू? मन अजून कोरडंच आहे. पन माझा अर्धा मी नाही म्हटला, तर ती उत्तर कशाला देनार?