कणगीतलं फ्लायव्हील

२४ ऑक्टोबर २००१, जुन्नर

वही पावसाळ्यात आणली, लिहायचं मात्र आज-उद्यावर. आज बसलोच. गुझी मोटरसायकलचं इंजिन बांधून झालं. इटलीची गाडी, एकच सिलेंडर, पीरमहंमदचाचाच्या भंगारातून उचललेली. रिंगा पुण्यातल्या जुन्या बाजारात मिळाल्या, ठिणगी देणाऱ्या मॅग्नेटोची तार नव्यानं गुंडाळून घेतली. नाही ते फक्त फ्लायव्हील — या गाडीला ते इंजिनाच्या बाहेर असतं, परातीएवढं लोखंडी चाक. ओतूरचा लेथवाला म्हणाला, "भाऊ, ह्ये बनवायचं काम न्हाई, हुडकायचं काम हाये."

चाचा म्हणाला, "उद्या खंडेनवमी. घरोघरचं लोखंड धुऊन अंगणात येतंय. एरवी इचारलं तर नाय म्हणत्यात. तू इचारू नको, नुसतं बघत फिर."

२५ ऑक्टोबर

शेजारच्या संपतची लूना घेऊन निघालो. आळ्यात कुस्त्या लागल्या होत्या, तिथंच दुपार झाली. लोणीला पोचलो तर एका अंगणात कोयता, पहार, नांगराचा फाळ, आणि मध्ये — तेच! हळदकुंकू लावलेलं, झेंडूची माळ घातलेलं.

घर लंकाबाईंचं. वय झालंय, पण जीभ शाबूत. म्हणाल्या, "पूजेला ठेवलेलं मागतोस व्हय रं? लाज हाये का?"

मग चहा दिला. गाडी त्यांच्या भावाची, भागूची. तो यांच्याकडंच राहायचा. दाजींशी भांडला, सकाळी निघणार होता. जाऊ नये म्हणून बाईंनी रातोरात गड्याकडून गाडीचं हे चाक खोलवलं आणि कणगीत ज्वारीखाली पुरलं. "मला वाटलं, गाडी न्हाय तर जातोय कुठं? गेला की यष्टीनं." परत आला नाही. दाजींनी गाडी भंगारात घातली, तीच ही माझी. तेव्हापासून बाई भाऊबीजेला चंद्राला ओवाळतात.

चाक दिलं. अट एकच — भाऊबीजेला गाडी दारात वाजली पाहिजे. नाहीतर चाक परत.

११ नोव्हेंबर

किक मारून पाय सुजला. चाचा म्हणतो, "दुल्हन नखरे तो करेगी."

१५ नोव्हेंबर, पाडवा

चालू झाली!! काय तो ठोका, राव. चाचाच्या कोंबड्या पत्र्यावर गेल्या. सरळ आळेफाट्यापर्यंत नेली, कुठं थांबलो नाही — मी! चहाला टेकलो तर एक म्हातारा ट्रक ड्रायव्हर गाडीभोवती फिरला, फ्लायव्हीलवर हात ठेवून तसाच राहिला.

"ह्ये कुठं गावलं?"

"लोणीला, लंकाबाईंकडं."

"हाये म्हातारी?"

"आहेत की. उद्या बोलावलंय."

कणगीचं, चंद्राचं सगळं सांगून टाकलं. माझं तोंड कधी थांबतंय? त्यानं माझं नाव-गाव विचारलं आणि अर्धा चहा ठेवून गेला.

१६ नोव्हेंबर, भाऊबीज

गाडी पुसून निघतच होतो. दारात कालचा ड्रायव्हर. दाढी केलेली, काखेत लुगड्याचा पुडा. म्हणतो, "मीच भागू. चालव तूच. मागं बसू का?"