ऑर्गनवाला सुट्टीवर

३ मार्च
टाकली पोस्ट! मामाने वाढदिवसाला दिलेली जर्मन रॉक बँडची जुनी रेकॉर्ड – पार धुऊन काढली. कव्हरवर रिकामा स्विमिंग पूल. मी लिहिलं, 'आतही तेवढंच रिकामं. नुसता ड्रम आणि बेस. ऑर्गनवाला बहुतेक सुट्टीवर होता.' चौसष्ट लाइक्स!

४ मार्च
मामाने पोस्ट बघितलीय. कमेंट नाही. मांजराच्या फोटोखालीही चार ओळी लिहिणारा माणूस!

९ मार्च
अजून गप्प. आई म्हणाली, "कॉलेजात दोन वर्षं शोधून मिळवली होती त्याने ती. जिवापाड जपली. आणि तू..." मला रेकॉर्ड ऐकायला शिकवलं कोणी? त्यानेच. उजव्या कानाने त्याला ऐकू येत नाही, म्हणून मला डावीकडे बसवून एकेका बँडच्या गोष्टी सांगायचा.

१२ मार्च
मीच गाढव!!
दादा चार्जर शोधायला टेबलामागे वाकला. "अगं, उजव्या स्पीकरची वायर लोंबतेय."
जोडली. सुई ठेवली – ऑर्गन! भिंत फोडून आल्यासारखं! या रेकॉर्डमध्ये वाद्यं वाटूनच टाकलीत – ड्रम, बेस डावीकडे, ऑर्गन सगळं उजवीकडे. बाकीच्या रेकॉर्ड्समध्ये दोन्हीकडे सगळं थोडं थोडं असतं, म्हणून कळलंच नाही. सलग तीनदा ऐकली. रेकॉर्डच्या दुसऱ्या बाजूला एका जागी ऑर्गन एकटंच उरतं आणि ड्रम हळूहळू त्याला शोधत येतो... असली रेकॉर्ड कोणाला माहीतच नाही?
नवीन पोस्ट लिहिली, वायरीसकट. दादा म्हणाला, "गेली तुझी इज्जत." जाऊ दे. केवढं हलकं वाटतंय! फक्त मामाला फोन करायची हिंमत नाही.

१३ मार्च
केला. "मामा, सॉरी–"
"सॉरी कशाला? वाईट वाटलं थोडं. पण सुटलो गं मी!"
म्हणजे??
"आधी हॉस्टेल, मग मामी – कोणालाच आवाज नको, म्हणून कायम हेडफोन. कव्हरवर ऑर्गनवाल्याचं नाव सगळ्यात मोठं, आणि चाळीस वर्षांत मला तो एकदाही ऐकू आला नाही. वाटायचं, माझ्याच कानाचा दोष. तू लिहिलंस, तो नाहीच! पण हे सगळं कमेंटमध्ये कसं लिहायचं?"
हेडफोनमध्ये उजवीकडचं ऑर्गन नेमकं त्याच्या बहिऱ्या कानात! म्हणजे त्याने अर्ध्याच रेकॉर्डवर एवढा जीव लावला!
"नवी पोस्ट वाचलीस?"
"नाही."
"वाचू नकोस. उद्या घरी ये."

१४ मार्च
खुर्ची मधोमध. मामाचा डावा कान उजव्या स्पीकरकडे. सुई ठेवली.
बाजू संपेपर्यंत हलला नाही. मग –
"आला बाबा एकदाचा सुट्टीवरून! पहिल्यापासून लाव."