जकार्त्याचा जिना

॥ श्री ॥
नाशिक रोड,
ता. २० एप्रिल १९९८

ती. दादास,
धाकट्या उज्वलाचा शि. सा. नमस्कार. वि. वि.

पेपर तपासून संपले आणि हात मोकळा झाल्याबरोबर हे पत्र लिहायला बसले. बातमी अशी की, पाच मेला मी जकार्त्याला चालले आहे. ही इंडोनेशियाची राजधानी. मी एकटीच जाणार आहे आणि तिकीट काढून झालं आहे, म्हणून विचारत नाही, कळवते.

चौदा वर्षं नववीच्या पोरींना नकाशावर बोट ठेवून विषुववृत्त शिकवते आहे. ते एकदा स्वतः ओलांडून पाहावं, एवढीच हौस. शिकवण्यांचे पैसे त्यासाठीच बाजूला टाकत होते. शिवाय सध्या तिथलं चलन कोसळलं आहे, त्यामुळे माझ्यासारखीलाही तिथे परवडेल. खोली स्वस्तातली बघेन, बसने फिरेन. दशम्या, शेंगदाण्याची चटणी आणि मेतकूट बरोबर घेते आहे.

आईला तूच सांग. मी सांगितलं तर रडेल. तू सांगितलंस तर फक्त ओरडेल. मालनवहिनीला म्हणावं, तुझ्यासाठी शंखशिंपल्यांचं काहीतरी आणीन.

राग आला तरी मायेत उणं करू नकोस.
तुझी,
उज्वला


सटाणा,
ता. २५ एप्रिल १९९८

चि. उज्वलास,
वाल्मीकचे अनेक आशीर्वाद.

पत्र वाचलं आणि डोकं फिरलं. समोर असतीस तर कानाखाली आवाज काढला असता, मग तू छत्तीस वर्षांची अस नाहीतर साठ. बाईमाणूस एकटं परमुलखात जातं, ते पण हिंडायला! आईनं ऐकलं आणि कपाळावर हात मारून म्हणाली, पोर येडी व्हयी गयी. मालन मात्र हसली. ती कायम तुझ्याच बाजूची.

कांदा चाळीत भरायचं काम चालू हाय, नायतर स्वतः येऊन तुझं तिकीट फाडलं असतं. तुला लहानपणापासून कोणी अडवू शकलं नाय, मी तरी काय अडवणार. सोबत पाव्हण्याच्या हाती बाजरीचं पीठ आणि लसणाची चटणी धाडली हाय. तिकडं कोणी अंगाशी आलं तर बघत बसू नको. पहिला फटका आपला पाहिजे. आपल्या घरात भिऊन कोणी जगलेलं नाय.

पोचल्याचं कळव. तोवर आईला झोप नाय, आणि मला पण.
तुझा दादा,
वाल्मीक


जकार्ता,
ता. १० मे १९९८

ती. दादास,
शि. सा. नमस्कार.

सुखरूप आहे. विषुववृत्त ओलांडलं तेव्हा विमानात जेवण वाटत होते, कुणाच्या खिजगणतीतही नव्हतं. मी एकटीच खिडकीला नाक लावून बसले होते.

इथे रिक्षाला चक्क बजाज म्हणतात, कारण त्या आपल्याकडच्याच! नारिंगी रंगाच्या, आवाजही तोच. मी शक्यतो बसने जाते किंवा चालते. उकाडा असा की दहा वाजताच पाठ ओली. जुन्या बंदरात लाकडी जहाजं उभी असतात आणि माणसं पोती पाठीवर घेऊन एका अरुंद फळीवरून उतरतात. तासभर फुकट बघत बसले. दुपारी गाडीवर उकडलेली भाजी शेंगदाण्याच्या घट्ट चटणीत कालवून देतात, ती खाते. आईला सांग, पोट भरतं.

खोली एका बाईंच्या घरी मिळाली. त्यांचं नाव लियन, सगळे त्यांना इबू म्हणतात, म्हणजे आई. खाली त्यांचं सुया, दोरे, बटणांचं दुकान, वर दोन खोल्या भाड्याच्या. त्यांचे पूर्वज चीनमधून आले, पण त्याला पिढ्या लोटल्या. मेइ ही त्यांची एकुलती मुलगी, एकोणीस वर्षांची, कॉलेजात शिकते आणि माझ्याशी इंग्रजीत अखंड बडबडते. काल हट्टाने माझी हिरवी साडी नेसली आणि आरशासमोरून हलेना.

एक गोष्ट मात्र मनाला लागली. इबूंबरोबर बाजारात गेले होते. तांदळाचे भाव रोज चढतात, रांगेतली माणसं चिडलेली असतात. एक बाई इबूंच्या पायांसमोर थुंकली आणि काहीतरी बोलली. इबूंनी मान खाली घातली. मी अर्थ विचारला तेव्हा त्या म्हणाल्या, ती म्हणते की हे सगळं आमच्यामुळे झालं. ज्या पडझडीपायी मला हे शहर परवडलं, तीच यांच्या दारात उभी आहे. रस्त्यांवर विद्यार्थ्यांचे मोर्चेही निघताहेत.

चोवीसला परत येते. काळजी केलीस तरी थोडीच कर.
तुझी,
उज्वला


सिंगापूर,
ता. १९ मे १९९८

ती. दादास,
शि. सा. नमस्कार.

फोनवर सुखरूप आहे एवढंच बोलले. बाकीचं तोंडाने सांगता येणार नाही, म्हणून लिहिते. आईला वाचून दाखवू नकोस.

मंगळवारी तिथे विद्यार्थ्यांवर गोळ्या झाडल्या, काही पोरं मेली. त्यानंतर शहर पेटलं. गुरुवारी, चौदा तारखेला, भर दुपारी जमाव आमच्या गल्लीत आला. त्यांनी एक ट्रक आणला होता. दुकानाच्या शटरला साखळी बांधून ट्रकने ओढलं, तसं शटर कागदासारखं फाटलं. इबू दारात हात जोडून उभ्या होत्या. सगळं न्या पण वर जाऊ नका, असं सारखं म्हणत होत्या. त्यांना केसांना धरून खाली पाडलं. मी वरच्या खिडकीतून पाहिलं. लाथा मोजता येत नव्हत्या.

मेइ ओरडू लागली तेव्हा मी तिचं तोंड दाबलं. तिला हिरवी साडी गुंडाळली, कपाळाला टिकली लावली, डोक्यावरून पदर ओढला आणि तिला बजावलं की एक शब्दही बोलायचा नाही, तू माझी भाची आहेस. जिन्यावरून चार जण वर आले. मी पुढे होऊन इंडिया, इंडिया म्हणत राहिले. तिघे थबकलेसुद्धा. चौथा तरुण होता, विटकरी सदऱ्यातला, हातात लोखंडी गज. तो हसला आणि त्याने मेइचा पदर ओढला. तिचा चेहरा दिसला.

चटणी वाटायचा दगडी बत्ता माझ्या हाताशी होता. मी तो त्याच्या कानशिलावर घातला. एकदा नाही, दादा, दोनदा. दुसरा फटका घातला तेव्हा तो खाली बसलेला होता. तो घालायची गरज नव्हती. तो जिन्यावरून गडगडत गेला. दुसऱ्याने माझ्या डाव्या मनगटावर काठी मारली, हाड मोडल्याचा आवाज मी ऐकला. मग ते आपल्या माणसाला ओढत घेऊन गेले. तो जगला की मेला, मला माहीत नाही.

खालून धूर येऊ लागला. आम्ही मागच्या पत्र्यावरून शेजारच्या हाजींच्या घरात उतरलो. त्यांनी इबूंनाही मागच्या दाराने उचलून आत आणलं होतं. दवाखान्यात न्यायला कुणी गाडी देईना. शुक्रवारी दुपारी इबू गेल्या. हाजींच्या बायकोने त्यांना आंघोळ घातली. रविवारी हाजींनी आम्हाला विमानतळावर पोचवलं. मेइची मावशी इथे सिंगापुरात राहते, तिच्याकडे तिला सोपवलं. पोरीने अजून साडी सोडलेली नाही.

आता जे लिहिते ते वाचून तू हे पत्र फाडशील. तो तरुण जिन्याच्या तळाशी आपल्या रक्ताळलेल्या तळहाताकडे बघत होता तेव्हा मला तू दिसलास. बावीस वर्षांपूर्वीचा, आपल्या बाजारतळावरचा. पाड्यावरच्या बुधाने आपली बकरी चोरली असं म्हणून पन्नास माणसांनी त्याला घेरलं होतं आणि तू बैलगाडीच्या जोखडातला शिवळीचा दांडका उपसून त्याच्या गुडघ्यावर मारत होतास. मी चौदा वर्षांची होते, गाडीवर उभी राहून सगळं पाहत होते. तू नंतर असाच हाताकडे बघत होतास. संध्याकाळी बकरी आपल्या पायांनी घरी आली आणि आपल्या घरात त्यावर कुणी अवाक्षर काढलं नाही. मीही नाही.

मला तुझा हात हवा आहे आणि त्याच हाताची भीती वाटते. आता स्वतःच्याही हाताची वाटते.
तुझीच,
उज्वला


सटाणा,
ता. १ जून १९९८

चि. उज्वलास,
आशीर्वाद.

तू परवा येऊन गेलीस. तुझं प्लास्टरमधलं मनगट समोर होतं, तरी दोघं कांद्याच्या भावावर बोललो. तुझं पत्र तू गेल्यावर दोन दिवसांनी पोचलं.

मला तू घरं जाळणाऱ्यांच्या रांगेत बसवलं. लय लागलं. मी कोणाची आई मारली नाय, कोणाच्या पोरीच्या पदराला हात घातला नाय. त्या दिवशी सगळे मारत होते. न मारणाऱ्याला लोक चोराचा साथीदार म्हटले असते. तू बाई, मास्तरीण, तुला बाजारतळ काय कळणार. त्या हरामखोराला दोन फटके घातलेस, मी असतो तर दहा घातले असते. आणि तू त्याच्यासाठी रडतेस, माझ्यावर बोट दाखवतेस. पुन्हा हा विषय काढायचा नाय.

मनगटाला जप.
वाल्मीक


नाशिक रोड,
ता. ६ जून १९९८

ती. दादास,
शि. सा. नमस्कार.

शाळा सुरू व्हायला आठवडा आहे. मेइचं पत्र आलं, सोबत तिच्या मावशीची चिठ्ठी. ती रात्रंदिवस दाराला खुर्ची लावून बसते, असं तिची मावशी लिहिते.

विषय काढत नाही, फक्त एक कळवते. मला त्या विटकरी सदऱ्याचं नाव कधीच कळणार नाही. त्याच्या घरी जाऊन विचारावं म्हटलं तरी दार नाही. तुला नाव माहीत आहे आणि पाडाही माहीत आहे, तोही मोटरसायकलवरून तासाभराच्या रस्त्यावर. मी तुझ्या जागी असते तर मला तुझा हेवा वाटला असता.

आईच्या गुडघ्यांना तेल लावत जा.
तुझी,
उज्वला


सटाणा,
ता. २१ जून १९९८

चि. उज्वलास,
दादाचे आशीर्वाद. आईची तब्येत बरी हाय.

तुझं पत्र चार दिवस सदऱ्याच्या खिशात घेऊन फिरलो. रागानंच फिरलो. पाचव्या दिवशी मालनला सगळं सांगितलं. तिला लग्नानंतर कोणी सांगितलंच नव्हतं. तिनं ताट बाजूला सारलं आणि विचारलं, पहिला फटका कोणाचा. मी म्हटलं, माझा. तुला पत्रात जे लिहिलं की सगळे मारत होते, ते खरं हाय, पण मी मारल्यावर मारत होते.

काल पाड्यावर गेलो. बुधा चार वर्षांपूर्वी गेला. बायको हाय, भागीबाई. अंगणात नागली निवडत होती. मी नाव सांगितलं. तिनं ओळखलं नाय. मग काय केलं ते सांगितलं. तिनं हातातलं सूप खाली ठेवलं आणि मला मारलं, उज्वला. सुपानं नाय, अंगणातल्या लाकडाच्या ढलपीनं. खांद्यावर, मग पाठीवर. मी उभा राहिलो. माणसं जमली. एकानं माझी गचांडी धरली, तेव्हा तिनंच त्याला मागं सारलं.

मग बसली आणि सांगायला लागली. त्याचा पाय पुन्हा जमिनीला टेकला नाय. पण पायाचं तो कधी बोलला नाय. मरेपर्यंत एकच सांगायचा, मी बकरी घेतली नव्हती. तिला सांगायचा, पोरांना सांगायचा, रस्त्यानं जाणाऱ्याला थांबवून सांगायचा. बकरी परत आल्याचं तिथवर कोणी कळवलंच नव्हतं. एवढी माणसं उगाच मारतील का, असं पाड्यावर म्हणायचे. ती म्हणाली की शेवटी शेवटी मला पण तसंच वाटायचं, मी त्याला गप्प बस म्हणायचे.

तिनं मला सांगितलं, हे सगळ्यांसमोर बोल. मी बोललो. बुधानं बकरी चोरली नव्हती, बकरी त्याच दिवशी घरी आली होती, हे आम्हाला माहीत होतं. बुधाचा थोरला भाऊ सहादू ओट्यावर बसला होता, त्याला कमी ऐकू येतं. भागीबाई म्हणाली, त्याच्या कानाशी जाऊन परत बोल. पहिल्यांदा बोललो तेव्हा आवाज निघाला होता. त्याच्या कानाशी वाकलो तेव्हा निघेना. तो वाट बघत बसला, हात कानामागं धरून. शेवटी बोललो. त्यानं मान हलवली आणि म्हणाला, तो सांगत होता खरं.

तिनं माफ केलं नाय. मी मागितली पण नाय. निघताना म्हणाली, परत येऊ नको.

खांदा सुजलाय. मालन शेकते. ती अजून माझ्याशी नीट बोलत नाय. मेइला तुझ्या पत्रातून माझा आशीर्वाद लिही. आणि त्या विटकरी सदऱ्याचं काय झालं असेल, याचा विचार आता मी पण करतो. दोघं मिळून करू.

रविवारी येतो. या वेळी कांद्याचे भाव बोलणार नाय.
तुझा दादा,
वाल्मीक