वळणावर शिंपडलेलं पाणी

बाबा, घोडी परवापासून पुढचा डावा पाय टेकवत नाहीये. तुम्हाला जाऊन बारा वर्षं झाली, पण हे दुसऱ्या कोणाला सांगायची माझी हिंमत नाही.

शेठच्या तबेल्यात होतात तेव्हा शर्यतीआधी तुम्ही सळई घेऊन सगळं मैदान अनवाणी चालायचात. दहा पावलांवर एकदा सळई टोचायची, आणि ती किती आत गेली ते बोटांनी मोजायचं. दोन बोटं गेली तर घोडं पळतं, चार गेली तर दमतं, टोकच शिरलं नाही तर पाय जातो. दहावी अर्धवट सोडून मी तुमच्या हाताखाली आलो, त्या उन्हाळ्यात एका कडक जागी मी बादली ओतली होती.

"काय करून राहिला बे?"

"नरम करून राहिलो, बाबा."

"हा भाटा हाय, पोट्ट्या! लाल मुरूम. हा पाणी पिते काय? वरची माती साबणावानी होते अन् खाली दगड तं दगडच राहते. पाणी द्याचं तं दोन दिवस आधी, पोटभर. नाही तं हात नाही लावाचा." मग तुम्ही मला त्यावरून पळायला लावलंत. मी आपटलो. तुम्ही हसलात, आणि लगेच हसायचे थांबलात. "तू उठला. घोडी उठन काय?"

परवाची शर्यत शहराबाहेर नवी राजधानी बांधतायत, तिकडच्या भाट्यावर होती. रस्त्यांसाठी रोलर फिरलेली जमीन. वळणावर सळईचं टोकही शिरेना. घोडी पळवू नका, एवढंच शेठना सांगायचं होतं. पण त्यांचे पाहुणे येऊन बसले होते. मी रस्त्याच्या कामावरच्या टँकरवाल्याला सांगून वळणावर पाणी शिंपडून घेतलं. सळई नखभर गेली. मी त्याच भोकात पुन्हा टोचली, मग पुन्हा, आणि दोन बोटं होईपर्यंत टोचत राहिलो. मग शेठना दाखवायच्या मैदानाच्या वहीत नीट अक्षरात 'दोन बोटं' लिहिलं.

वळणावर तिचे मागचे पाय सरकले आणि सगळा भार त्या एका पायावर आला. डॉक्टर म्हणतात, पायाचा स्नायुबंध तुटला आहे; चालेल कदाचित, पळणार नाही. शेठ स्वारावर ओरडत होते, "तूने लगाम खींची क्यों?"

"नहीं खींची, सेठजी. वो अपने आप फिसली." मग तो माझ्याकडे वळला. नऊ वर्षं आम्ही एका ताटात जेवलो आहोत. "तुम बताओ भैया, जमीन कैसी थी?"

मी वही उघडून दाखवली. "दो उंगली."

त्याला उद्या सकाळपर्यंत तबेल्यामागची खोली सोडायला सांगितलं आहे. समोर त्याची बायको भांडी पोत्यात भरते आहे. मघाशी ती मला विचारून गेली, "चाय पियोगे, भैया?" मी हो म्हणालो आणि प्यायलोसुद्धा.

शेठ चार वाजता सदर बाजारातल्या दुकानात येतात, सातला बंद करून जातात. पायी वीस मिनिटांचा रस्ता आहे. मी तीनलाच चप्पल घातली होती, मग वाटलं, आधी तुम्हाला लिहावं, म्हणजे तिथे बोलताना चुकणार नाही. आता सहा वाजत आले आहेत. हे मी दोनदा फाडून तिसऱ्यांदा स्वच्छ अक्षरात उतरवलं आहे, बाबा, आणि फाडलेल्या कागदांत चुकीचं काहीच नव्हतं. मला फक्त दुकान बंद व्हायला हवं आहे.