बयो झोपली असेल तर मोटर बंद

सोमवार, ३ नोव्हेंबर. सकाळी सात.

काल डोळ्याला डोळा लागला नाही. कारण मोटर. आमची खोली पार्किंगमध्ये, मोटरच्या खोलीला चिकटून. मधे एकच भिंत. गच्चीवरची टाकी कमी झाली की मोटर आपोआप सुरू होते. काल तीनदा झाली. तिन्ही वेळा बयो दचकून उठली. आठ महिन्यांचं लेकरू. असं ओरडतं की श्वासच परत येत नाही, ओठ निळे पडतात. मी तोंडावर फुंकर मारत बसते. श्वास आला की मग मी रडते.

दुसरी भीती मंदाकिनी मॅडमची. त्या सोसायटीच्या चेअरमन. आधी हेडमास्तरीण होत्या, अजून आहेतच. काल खाली येऊन ह्यांना म्हणाल्या, उत्तरेश्वर, आपण वॉचमन ठेवलाय, भोंगा ठेवल्याचं मला आठवत नाही. पहिल्या मजल्यावरून बयोच्या रडण्याच्या दोन तक्रारी झाल्यात. तिसरी आली की महिनाअखेर खोली रिकामी. हे म्हणाले, हो मॅडम. दुसरं काय म्हणणार?

नोकरी गेली की खोली गेली. गावाकडचं घर दिरांनी घेतलंय. लेकरू घेऊन जायचं कुठं?

पण मी घाबरून बसणारी नाही. आज काहीतरी करणारच.

संध्याकाळ. आज काही केलं नाही. कपडे लई होते.

मंगळवार, ४ नोव्हेंबर

दत्ताला फोन केला. दत्ता माझा धाकटा भाऊ. खडकीला मोटरचे पॅनल बनवतात तिथं कामाला आहे. आमच्या मोटरवर जो डबा बसवलाय तो त्यानेच. डब्यात छोटं कार्ड आहे, त्यात प्रोग्राम आहे. टाकी रिकामी दिसली की मोटर चालू, भरली की बंद.

म्हटलं, दत्ता, बयो झोपली की मोटर सुरू होऊ नये असं कर. तो हसला. म्हणाला, ताई, मोटर टाकी बघून चालते, बाळ बघून नाही. म्हटलं, मग शिकव तिला. म्हणाला, रविवारी येतो, टायमर टाकतो. तोपर्यंत डब्याला हात लावू नको.

रविवारला अजून पाच दिवस. पाच दिवसांत तिसरी तक्रार नक्की.

आणि हात लावू नको म्हणे! भाऊबीजेला आला तेव्हा ह्यानेच मला सगळं शिकवलं होतं. त्याचा जुना लॅपटॉप इथंच मोटरच्या खोलीत आहे, पिशवीत गुंडाळलेला. मला लूप येतो. while म्हणजे जोपर्यंत. जोपर्यंत कणीक आहे तोपर्यंत चपाती लाटायची. break म्हणजे मधेच गॅस संपला, उठायचं. continue म्हणजे ही करपली, सोडून द्यायची, पुढची घ्यायची. तो म्हणाला होता, ताई, तुला पटकन कळलं. माझ्याबरोबरच्या कॉलेजच्या पोरांना आठवडा लागला होता.

मी नववी नापास. पण डोकं नापास नाही.

बुधवार, ५ नोव्हेंबर. दुपार.

केलं.

डब्याला एक खटका आहे, दत्ताने टेस्टसाठी ठेवलेला. आता तो बयोचा खटका. ती झोपली की मी खाली करणार, उठली की वर. प्रोग्राममध्ये सगळ्यात वर एवढंच लिहिलं: जोपर्यंत खटका खाली आहे तोपर्यंत काही करू नको. इंग्रजीत लिहिलं अर्थात. तीनदा लाल अक्षरं आली. दोनदा कंस विसरले, एकदा तो टिंबाखाली शेपूट असलेला अर्धविराम. चौथ्यांदा गेलं.

टेस्टपण घेतली, दत्ता घेतो तशी. मोटर बंद होती. खटका खाली केला. मग गच्चीवर जाऊन टाकीतली वायर पाण्याबाहेर काढली, म्हणजे तिला वाटलं टाकी रिकामी. खाली येऊन बघते तर मोटर गप्प. दहा मिनिटं उभी राहिले. गप्प. वायर परत पाण्यात सोडून आले.

बयो दोन तास झोपली. मीपण झोपले. लग्नानंतर पहिल्यांदा दुपारी झोपले.

ह्यांना सांगायचं का? नको. ते घाबरतात लगेच.

गुरुवार, ६ नोव्हेंबर

बयो सकाळी सातपर्यंत झोपली. मॅडम जिन्यात भेटल्या, म्हणाल्या, आज शांतता होती, लेकरू गावाला गेलंय का? म्हणजे कौतुकच.

दत्ताला मेसेज टाकला. तुझ्या प्रोग्राममध्ये एक गोष्ट कमी होती, ती मी घातली. पुढे अंगठा टाकला.

एका मिनिटात फोन. ताई, काय घातलंस? सांगितलं. मग म्हणाला, आधीचा प्रोग्राम कॉपी करून ठेवलास ना? म्हटलं, ठेवलाय. (ठेवला नव्हता. त्याच्यावरच लिहिलं आणि सेव्ह केलं. पण चाललाय की मस्त, जुना कशाला पाहिजे.) तो म्हणाला, आत्ताच्या आत्ता जुना टाक. आत अडकेल तो. मी म्हटलं, तुला बघवत नाही माझं. तो म्हणाला, ताई, डब्यावर माझं नाव आहे, माझा नंबर आहे, बिघडलं तर सोसायटी मला धरणार. मी म्हटलं, लहानपणी तुझ्या वह्या कोण लिहायचं? मीच ना? तेव्हा नाही आठवलं नाव कुणाचं ते?

तो म्हणाला, बरं. मग आता निस्तर तूच, इंजिनिअर बाई. मला फोन करू नको.

संध्याकाळपर्यंत येईल त्याचाच फोन. ओळखते त्याला.

रात्री आला नाही. रेंज नसेल खडकीला.

शुक्रवार, ७ नोव्हेंबर

बयो साडेनऊपर्यंत झोपली. एवढी कधी झोपली नव्हती.

सव्वाआठला नळ बंद. सगळ्या बिल्डिंगचे. पोरांच्या शाळा, लोकांचे ऑफिस, डोक्याला साबण लावलेला एक माणूस टॉवेलवर पार्किंगमध्ये आला. मी पळत जाऊन खटका वर केला. मोटर सुरू झाली. लोकांनी वर तोंड करून पावसाची बघावी तशी पाण्याची वाट बघितली.

मॅडम ह्यांना म्हणाल्या, उत्तरेश्वर, एवढं बिल भरून नळ शोभेला बसवलेत असा कुणाचा गैरसमज व्हायला नको. हे म्हणाले, मॅडम, लाईट गेली असेल.

खोलीत आल्यावर ह्यांनी मला विचारलं, तू काही केलंस का? एवढंच. आवाज नाही चढवला. मी म्हटलं, मी काय करणार, मला काय कळतंय त्यातलं. उठून कणीक मळायला घेतली. जेवणं झालेली होती.

दत्ताला फोन लागत नाही. सारखा एंगेज.

ठरवलं: बयोला सकाळी आठच्या पुढे झोपू द्यायचं नाही. प्रोग्राम बरोबर आहे. बयोच्या झोपेत गडबड आहे.

शनिवार, ८ नोव्हेंबर

लिहवत नाहीये. तरी लिहिते, म्हणजे डोकं जागेवर येईल.

दुपारी तीनला मोटर सुरू झाली. बयो जागी होती, खांद्यावर. मी दोन्ही कान दाबले तिचे. रडली नाही. बघितलं तर झोपलेली. मोटर घरघरतेय आणि पोरगी शांत झोपली! कधीतरी सवय झाली असेल तिला, मलाच कळलं नाही. मला एवढा आनंद झाला. तिला खाली ठेवली आणि रोजच्यासारखा खटका खाली केला. तिच्या शेजारी पडले.

पाण्याच्या आवाजाने उठले. जिन्यातून पाणी येत होतं. पायरीपायरीने, घाईत, चपला घेऊन. वरून बायका ओरडत होत्या. लिफ्टच्या दारातून पाणी गळत होतं.

मला तेव्हा कळलं. मी त्याला म्हटलं होतं खटका खाली असेल तर काही करू नको. त्याने काहीच केलं नाही. टाकी भरली तरी बघितली नाही. मोटर बंदपण केली नाही. माझ्या एका ओळीत फिरत बसला, मी सांगितलं तसा. दत्ता हेच सांगत होता, आत अडकेल म्हणून.

खटका वर करायचं सुचलं नाही. मेन स्विचच खाली ओढला. मोटर थांबली. लिफ्टपण थांबली.

लिफ्टमध्ये मॅडम होत्या. तिसऱ्या आणि चौथ्याच्या मधे. अंधारात. वरून पाणी.

ह्यांनी चावी लावून दार उघडलं, अर्धा तास लागला. हे कमरेपर्यंत भिजले. खिशातला फोन गेला, आता तांदळाच्या डब्यात आहे. मॅडम बाहेर आल्या, केस चिकटलेले, चष्मा हातात. मला वाटलं ओरडतील. हळूच म्हणाल्या, उत्तरेश्वर, मोटर कोणी चालू ठेवली?

हे म्हणाले, माझ्याकडून राहिली मॅडम.

मी तिथंच उभी होते. बयो कडेवर.

रविवार, ९ नोव्हेंबर

ह्यांना वाटतं खरंच त्यांच्याकडून राहिलं. म्हणतात, डबा बिघडला असेल, मी बघायला पाहिजे होतं. सकाळपासून जिना पुसतायत. माझ्याकडे बघून म्हणाले, तू नको घाबरू. ह्याच्यापेक्षा मारलं असतं तर बरं.

कमिटी बसली होती. मंगळवारी सकाळी दहापर्यंत मोटर आधीसारखी आपोआप चालू-बंद झाली पाहिजे, आणि कसं झालं ते लेखी द्यायचं. नाहीतर दुसरा वॉचमन बघून ठेवलाय. मॅडम म्हणाल्या, मला राग नाही, मला भीती वाटते उत्तरेश्वर. परत लिफ्टमध्ये पाय ठेवणार नाही मी.

त्यापण घाबरल्यात. हे मला माहीत नव्हतं.

जुना प्रोग्राम मी आठवून लिहू शकते. आठ-दहा ओळी तर होत्या. दत्ता आज येणार होता टायमर टाकायला. आला नाही.

दुपार. लिहिला. मोटर चालू, बंद, चालू, बंद, चालू. टक टक टक टक. धूर यायच्या आत पिन काढली.

संध्याकाळ. continue घालून बघितला. आता चालूच होत नाही. ही प्रगती आहे, पाणी तरी सांडत नाही.

डबा काढून ठेवला. आता हाताने चालवायची. मी गच्चीवर टाकीचं झाकण उघडून बसते, हे खाली स्विचपाशी. भरली की मी कठड्यावरून ओरडते, बंद. कमी झाली की ओरडते, चालू. दर वेळी सगळ्या खिडक्या उघडतात. आधी बयो ओरडायची, आता मी.

सोमवार, १० नोव्हेंबर. दुपारी चार, गच्ची.

दत्ताला सकाळपासून एकतीस फोन केले. ठरवलं होतं, उचलेपर्यंत करत राहायचं. बत्तिसाव्या वेळी लक्षात आलं. एंगेज नाहीये. त्याने माझा नंबर बंद केलाय. मी मरेपर्यंत लावत बसले तरी त्याच्याकडे वाजणार नाही.

ह्यांचा फोन तांदळातच आहे. कुणाच्या दारात जाऊन फोन मागायची हिंमत नाही. फोन का पाहिजे विचारतील. खडकीला जाऊन येऊ म्हटलं तर टाकी कोण बघणार.

बयो मांडीवर झोपलीय. मोटरचा आवाज इथवर येतोय, तिला काही नाही.

हे पान फाडतेय. खाली जाताना गेटच्या टेबलावर ठेवते, विटेखाली. तोंडाने मला सांगता येणार नाही.

जो कोणी हे वाचेल त्याने माझ्या भावाला फोन करावा. दत्तप्रसाद नाव. नंबर मोटरच्या खोलीत काढून ठेवलेल्या डब्यावर आहे, काळ्या पेनाने, वर लिहिलंय बिघडल्यास संपर्क. त्याला सांगा, ताईने कॉपी ठेवली नव्हती. ताई खोटं बोलली. त्याचंच बरोबर होतं. उद्या दहाच्या आत ये म्हणावं.

ह्यांची काही चूक नाही. मी केलं, श्रद्धाने.

मॅडम, पान आपल्याच हाती लागलं तर फोन आपणच करा. आपल्याला तो नाही म्हणणार नाही.