दुसरी नळी

बेलापूर,
८ फेब्रुवारी १९९८

चि. प्रज्ञा,
सप्रेम जयभीम.

माझ्या अश्विनीच्या रक्ताची दुसरी नळी हवी असं तू कळवलंस, म्हणून हे पत्र लिहावं लागतंय. एरवी लिहिलं नसतं. नळी मिळणार नाही.

तुझे बाबा बरे आहेत. खोकला आहे, पण औषधाचं नाव काढलं की माझा हा भाऊ वर्तमानपत्र तोंडापुढे धरतो. साखर कारखाना सुरू असल्यामुळे वाळत घातलेल्या कपड्यांवर काजळी बसते. माझे गुडघे सुजलेत. सूज का येते ते तुझ्या जूनच्या पत्रामुळे नीट कळलं. दुखायचं ते दुखतंच.

ते पत्र मला पाठ आहे. बाभळीचा काटा रुतला की तिथल्या पेशी मदतीला हाका मारतात. त्या हाका म्हणजे केमोकाइन नावाची रसायनं. पांढऱ्या पेशींच्या अंगावर त्या ऐकणारे रिसेप्टर असतात, म्हणून त्या नेमक्या तिथेच धावत येतात. लाली, सूज, पू हे त्यांचंच काम. एड्सचा विषाणू आत शिरायला त्यातल्याच एका रिसेप्टरचा दारासारखा उपयोग करतो. आणि परदेशात काही माणसांना ते दार जन्मापासूनच नसतं, म्हणून त्यांना लागण होत नाही. आमच्या वेळी बी.एस्सी.ला यातलं काही नव्हतं. आपल्याकडे अशी माणसं जवळजवळ सापडत नाहीत, हेही तू लिहिलं होतंस. ते वाक्य मी वाचलं आणि पुढे गेले.

ज्ञानेश्वर वारला तेव्हा तू दिल्लीला होतीस. त्यामुळे त्याच्या घरची मंडळी काय बोलली ते तुला पुरतं ठाऊक नाही. जावई ट्रकवर होता, त्याला तो आजार झाला, हे त्यांनी गिळलं. पण नगरला अश्विनीची आणि सुजाताची तपासणी दोन वेळा झाली, दोन्ही वेळा काही निघालं नाही, हे त्यांना गिळता आलं नाही. विहीणबाई भागूबाई अंगणात उभ्या राहून सगळ्या आळीला ऐकू जाईल असं म्हणाल्या, "बाई कोरी, पोर कोरी, मग माझा ज्ञानू एकलाच कसा गेला? ही त्याच्यापाशी नांदलीच न्हाई. पोर कुनाचं हाय ते तिलाच इचारा."

एकत्र राहूनही पुष्कळ बायकांना लागण होत नाही, असं डॉक्टरांनी समजावलं. व्याही रंगनाथ म्हणाले, "म्हंजी नशीबच की. मग नशिबाचा दाखला द्या."

अश्विनीला ते घर सोडायचं नव्हतं. सुजाताने बापाच्या नावाने तिथेच वाढावं, एवढंच तिचं मागणं. म्हणून मी तिच्या सासरी, पारनेरला गेले, विहारात सगळ्यांना बसवलं आणि फळ्यावर पेशी काढली. दार असलेली एक, नसलेली एक. अश्विनीला हे दार नसणार, म्हणून ती वाचली, असं वर्गात सांगावं तसं सांगितलं. विहार समितीचे आबासाहेब म्हणाले, "बाई, तुमी म्हनता तसा कागद आना. वर्षाच्या पुण्यानुमोदनाला पोरगी बापाच्या फोटोम्होरं मेनबत्ती लावंल. मग कोन बोलतंय ते मी बघतो."

एवढ्यावर मी बसायला हवं होतं. मी म्हणाले, "आणि कागद उलटा आला, तर आम्ही पुन्हा या दारात उभ्या राहणार नाही." अश्विनीने मागून माझा पदर ओढला. मी तो सोडवून घेतला.

तिच्या रक्ताची पहिली नळी तुझ्याकडे पाठवली आणि तुझा कागद आला. तिचं दार जागेवर आहे. चारचौघांचं असतं तसंच.

अश्विनी म्हणाली, "आई, अजून आला नाही म्हण."
मी म्हणाले, "मी खोटं बोलत नाही."
"खोटं नको बोलूस. नुसती गप्प बस. एक दिवस."

दार असूनही माणूस वाचतो, हे मला कळतं. डॉक्टर तेच सांगत होते, तूही तेच लिहिलंस. पण मी त्या फळ्यावर दुसरंच शिकवून बसले होते. पुण्यानुमोदनाला मी उभी राहिले आणि कागद वाचला. भागूबाई ओरडल्या नाहीत. त्यांनी सुजाताच्या हातातली मेणबत्ती काढून घेतली, बस. आबासाहेब खाली बघून म्हणाले, "बाई, तुमीच बोलला हुता."

आता जे लिहायचं टाळत होते ते लिहिते. कागद आला त्या दुपारी मी अश्विनीला विचारलं, "खरं सांग, सुजाता ज्ञानेश्वरचीच ना?" ती भाकरी थापत होती. थापून झाली, तव्यावर टाकली, वरून पाणी फिरवलं. मग म्हणाली, "शेवटी त्याचं हगणं-मुतणं कोण काढत होतं, ते नाही विचारलंस." तेव्हापासून ती माझ्याशी कामापुरतं बोलते.

तू लिहितेस की दार असलं तरी त्यात हाकेचं रसायनच आधी बसलेलं असेल, म्हणून विषाणूला जागा मिळाली नसेल. ते शोधायला हवं. शोध. पण तिच्या रक्तात नको. पाच वर्षांनी "होय" निघालं, तर ते मी कोणाला वाचून दाखवू? आणि "नाही" निघालं, तर ती आणखी एकदा खोटी ठरेल. तिला मी विचारलंसुद्धा नाही. विचारायची माझी सोय राहिलेली नाही.

सोमवारी ती सुजाताला घेऊन अकोल्याकडे चालली आहे, एका आश्रमशाळेत स्वयंपाकाला. मी स्टँडवर येऊ नये असं तिने सांगितलंय.

तिला परत पाठवताना पारनेरच्या मंडळींना सगळं लेखी हवं होतं. आबासाहेब म्हणाले, "तुमीच लिवा बाई, तुमचं अक्षर चांगलं हाय." त्याची नक्कल खाली देते, म्हणजे पुन्हा सांगावं लागणार नाही.

रंगनाथ यांचेकडून अश्विनीच्या ताब्यात मिळाले:
शिलाई मशीन एक, चालू.
पत्र्याची पेटी एक, कपड्यांसह.
भांडी, तिच्या लग्नातली.
गोधड्या दोन.
ज्ञानेश्वरचा फोटो मागितला, दिला नाही.
मुलगी एक. बापाचे नाव घालायचे नाही असे ठरले, म्हणून घातलेले नाही.

लिहिणार,
चांगुणाबाई, बी.एस्सी.
(मुलीची आजी)