फ्लॉपीची सोय काढून टाकल्याबद्दल

ती. मावशीस,

साष्टांग नमस्कार. (खराखुरा साष्टांग. वायर शोधायला टेबलाखाली पालथा पडलो होतो, तिथेच तुझं मागचं पत्र सापडलं.) गुडघा कसा आहे? जिना चढत जाऊ नकोस. मी ठीक. म्हणजे एका जागी बसवत नाही, चहा समोर गार होतो, आणि काल दुकानात एका आजोबांना त्यांच्या सुनेचा चष्मा देऊन बसलो. (त्यांना छान दिसलं म्हणे.)

झालं असं. विणकामाच्या नक्ष्या काढायचा तो प्रोग्राम मी आठ वर्षं सांभाळतोय. (कोणीही फुकट घ्यावा, कोणीही सुधारावा, शिव्या मात्र मी खाव्यात, असा.) त्यात फ्लॉपीवर नक्षी उतरवायची एक जुनाट सोय होती. फ्लॉपी म्हणजे तुमच्या ऑफिसात असायची ती चौकोनी चकती. जुनी विणयंत्रं तिच्यावरूनच नक्षी वाचतात. दर नव्या आवृत्तीत ही सोय मोडायची आणि माझा रविवार तिच्या डागडुजीत जायचा. वापरतंय कोण? चिटपाखरूही नाही. शेवटी वेबसाइटवर नोटीस लावली, की कोणी वापरत असेल तर तीन महिन्यांत कळवा. रोज उठून आधी तेच बघायचो. एक उत्तर नाही. मग काढून टाकली. चार हजार ओळी गेल्या, मावशी! दिवसभर शीळ घालत होतो.

नवव्या दिवशी दारात टेम्पो थांबला. एक बाई उतरल्या, मागोमाग दोन हमाल आणि अडीच हात लांबीचं विणयंत्र. बाई टोप्या विणतात. त्यांच्या हौशी भाच्याने नवा कॉम्प्युटर आणून त्यावर माझी नवी आवृत्ती बसवली होती. पत्ताही त्यानेच शोधला.

"फ्लॉपीचं बटण कुठे गेलं?" बाईंनी विचारलं.

"अहो, तीन महिने विचारत होतो, कोणी वापरतं का म्हणून."

"कुठे विचारत होतात?"

"इंटरनेटवर."

"मी तिथे जात नाही," असं म्हणून त्यांनी यंत्र माझ्या जेवणाच्या टेबलावर ठेववलं.

जुनी आवृत्ती त्या नव्या कॉम्प्युटरवर चालेना. सोमवारी प्रसूतिगृहाला तान्ह्या बाळांच्या दोनशे टोप्या द्यायच्या होत्या, नाहीतर काम दुसरीकडे जाणार. वार बुधवार. मला माझ्या शीळ घालण्याची लाज वाटली. दोन दिवस रजा टाकली. मी ओळी परत जोडतोय, बाई समोर बसून दर पंधरा मिनिटांनी "झालं?" विचारताहेत, मी उठून फेऱ्या मारतोय, बाई म्हणताहेत, "फिरून होणारंय का?" शुक्रवारी दुपारी यंत्र खडखडलं आणि पहिली टोपी आली. नक्षीतली बदकं उलटी! पाय वर!

बाईंनी ती निरखून पाहिली. "बाळं आडवीच असतात," त्या म्हणाल्या. "पुढच्या शंभराला सरळ करा."

सोमवारी दोनशे टोप्या पोचल्या. (एका परिचारिकेने उलट्या बदकांच्या आणखी मिळतील का विचारलं.) सोय परत आली असं जाहीर केलं, तर त्याच दिवशी अकरा जणांची पत्रं आली, की आभारी आहोत, आम्ही रोज वापरतो. तीन महिने यांनी तोंडात मिठाची गुळणी धरली होती का?

बाकी क्षेम. औषध चुकवू नकोस.

तुझा
बिनपगारी भाचा

ता. क. त्यांच्या भाच्याने शिकवल्यापासून बाई इंटरनेटवर जातात. फार जातात. कुठली सोय ठेवायची, कुठली काढायची, यात आता त्यांचा शब्द चालतो.

ता. क. २. पत्राचं खरं कारण हे. रंग आपोआप जुळवून देणारी सोय काढून टाका, ती कोणाच्याच कामाची नाही, असं बाईंनी काल वेबसाइटवर लिहिलंय. एकोणीस जणांनी माना डोलावल्यात. मावशी, अख्ख्या प्रोग्राममध्ये मी स्वतः पहिल्यापासून लिहिलेली तेवढी एकच गोष्ट आहे गं. तू जन्मात सुई धरली नाहीस हे ठाऊक आहे. पण शुक्रवारच्या आत "मी रोज वापरते" एवढी एक ओळ तिथे लिहून टाक. आपली आडनावं वेगळी आहेत, कोणाला पत्ता लागणार नाही.